एका तारखेचे दोन जन्मोत्सव

इ.स. ३५४ साली रोममध्ये फ्युरिअस डायोनिसिअस फिलोकॅलस नावाच्या सुलेखनकाराने व्हॅलेंटिनस नावाच्या एका ख्रिस्ती गृहस्थासाठी सचित्र पंचांग तयार केलं. मूळ पोथी आज नाही. नकलांवरून केलेल्या नकलांमुळे तिचा मजकूर मात्र वाचला. या पंचांगात महिन्यांची चित्रं आहेत, सम्राटांचे वाढदिवस आहेत, रोमच्या बिशपांच्या आणि हुतात्म्यांच्या पुण्यतिथी आहेत. सार्वजनिक सणांच्या यादीत २५ डिसेंबरसमोर ‘अजिंक्या’च्या जन्मदिवसाची नोंद आहे आणि त्या दिवशी रथांच्या ३० शर्यती होणार असल्याचं सांगितलं आहे. हा अजिंक्य म्हणजे ‘सोल इन्व्हिक्टस’, रोमचा सूर्यदेव, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच पंचांगात हुतात्म्यांची वेगळी यादी आहे. तिच्या आरंभी, त्याच २५ डिसेंबरसमोर, बेथलेहेममध्ये ख्रिस्त जन्मल्याची नोंद आहे. ही यादी ३३६ च्या सुमारास तयार झाली असावी. २५ डिसेंबर हा ख्रिस्तजन्माचा दिवस म्हणून पाळला जात असल्याचा इतका जुना दुसरा निश्चित पुरावा आपल्याकडे नाही.

एकाच पंचांगात दोन जन्मोत्सव आणि दोन्ही एकाच तारखेला. यातला कोणी कोणाकडून घेतला, हा वाद गेली तीनशे वर्षं चालू आहे. नाताळ मुळात ख्रिस्ती नाहीच, तो जुन्या देवांच्या उपासकांकडून पळवलेला सण आहे, असं एक बाजू सांगते. दुसरी बाजू असा कुठलाही संबंध साफ नाकारते. उपलब्ध पुरावा शांतपणे वाचला तर या दोन्ही बाजूंना न दिसलेली एक गोष्ट समोर येते. सणाची तारीख आणि अर्थ धर्मगुरू ठरवू शकतात, पण सण साजरा कसा करायचा हे लोक ठरवतात. आणि लोक आपली जुनी रीत सहजासहजी सोडत नाहीत.

गोष्ट रोमच्याही कितीतरी आधी सुरू होते. आयर्लंडमध्ये बॉइन नदीच्या खोऱ्यात न्यूग्रेंज नावाचं दगडामातीचं प्रचंड थडगं आहे. इ.स.पू. ३२०० च्या सुमारास, म्हणजे इजिप्तमधल्या खुफूच्या पिरॅमिडच्या काही शतकं आधी, ते उभं राहिलं. आत जाण्याचा दगडी बोळ १९ मीटर लांब आहे. प्रवेशद्वाराच्या वर एक चौकोनी झरोका ठेवलेला आहे. दक्षिणायन संपतं त्या सुमारास, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांच्या पहाटे, उगवत्या सूर्याचा किरण या झरोक्यातून थेट आतल्या गाभ्यापर्यंत जातो आणि सुमारे १७ मिनिटं तिथे उजेड राहतो. सूर्य इथे आत येतो, असं आसपासच्या गावांत बोललं जाई. मायकेल ओ’केली या पुरातत्त्वज्ञाने २१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे आत बसून ते स्वतः पाहिलं. थडगं बांधणाऱ्यांच्या देवांची नावं आपल्याला कळायला मार्ग नाही, कारण त्यांनी लिहून काही ठेवलेलं नाही. ही पहाट मात्र त्यांना इतकी महत्त्वाची वाटत होती की तिच्यासाठी त्यांनी हजारो टन दगड रचले.

इंग्लंडमधल्या स्टोनहेंजचा मुख्य अक्ष एका बाजूला उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाकडे आणि दुसऱ्या बाजूला हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सूर्यास्ताकडे रोखलेला आहे. तिथून जवळच ड्युरिंग्टन वॉल्स इथे इ.स.पू. २५०० च्या सुमाराची वस्ती सापडली. तिथे डुकरांच्या हाडांचे ढीग निघाले. दातांवरून पाहता त्यांतली बरीच डुकरं नवव्या महिन्याच्या सुमारास मारलेली होती. डुकरिणी वसंतात वितात, तेव्हा नववा महिना ऐन हिवाळ्यात येतो. म्हणजे कडाक्याच्या थंडीत तिथे मोठ्या पंगती उठत होत्या.

युरोपच्या हवामानात याला पोटापाण्याचं कारण होतं. डिसेंबरपर्यंत पीक घरात आलेलं असे आणि पेरणी उरकलेली असे. वैरण सगळ्या जनावरांना पुरणारी नसे, म्हणून काही जनावरं मारावीच लागत. नवी दारू तयार झालेली असे. शेतावर काम नसे, समुद्रावर जहाजं नसत. अन्न मुबलक, हात रिकामे आणि दिवस अंधाराचे, असा हा काळ होता. तो एकट्याने काढण्यापेक्षा एकत्र बसून काढावा, हे कोणत्याही धर्मग्रंथाने शिकवण्याची गरज नव्हती.

रोममध्ये या मोसमाचा मोठा सण म्हणजे सॅटर्नेलिया. सॅटर्न हा पेरणीशी जोडलेला देव. तो राजा होता तेव्हा पृथ्वीवर सुवर्णयुग होतं, मालक आणि गुलाम असा भेद नव्हता, अशी श्रद्धा होती. रोमच्या फोरममध्ये त्याचं देऊळ होतं. त्याचे आठ खांब आजही उभे आहेत. देवाच्या मूर्तीचे पाय वर्षभर लोकरीच्या दोरीने बांधलेले असत आणि सणाला ती दोरी सोडली जाई. सण १७ डिसेंबरचा. आधी एकाच दिवसाचा होता, पुढे वाढत वाढत आठवड्यापर्यंत गेला. सम्राट ऑगस्टसने तो कापून न्यायालयांच्या सुट्टीपुरता तीन दिवसांवर आणला, पण लोक ऐकेनात.

या दिवसांत शाळा आणि न्यायालयं बंद राहत. एरवी गुन्हा ठरणारा जुगार उघडपणे चाले. प्रतिष्ठित नागरिक टोगा काढून घरगुती रंगीत कपडे घालत आणि सगळेच डोक्यावर ‘पिलिअस’ नावाची टोपी चढवत. एरवी ही टोपी गुलामीतून सुटलेल्या माणसाची खूण होती. मालक गुलामांना आपल्याबरोबर जेवायला बसवत, काही घरांत त्यांना स्वतः वाढतही. करड्या शिस्तीसाठी प्रसिद्ध असलेला थोरला केटोसुद्धा शेतीवरच्या आपल्या पुस्तकात सॅटर्नेलिया आणि कॉम्पिटेलिया या सणांसाठी दर गुलामामागे साडेतीन काँजिअस, म्हणजे सुमारे ११ लिटर, जादा वाइन द्यायला सांगतो. लोक एकमेकांना मेणबत्त्या आणि मातीच्या छोट्या बाहुल्या भेट देत. कवी मार्शलने अशा भेटवस्तूंबरोबर पाठवायच्या दोनोळींचे दोन अख्खे संग्रह लिहिले. धाकट्या प्लिनीला हा गोंगाट सोसत नसे. घर आनंदात असताना तो आपल्या बंगल्यातल्या लांबच्या खोलीत जाऊन अभ्यास करत बसे.

घरोघरी फासे टाकून सणाचा ‘राजा’ निवडत आणि त्याचे चेष्टेखोर हुकूम सगळ्यांनी पाळायचे असत. इ.स. ५४ च्या सणात हे राजेपद तरुण सम्राट नीरोच्या वाट्याला आलं. त्याने सावत्रभाऊ ब्रिटॅनिकसला सगळ्यांसमोर गायला लावलं. त्या मुलाने आपलं राज्य हिरावलं गेल्याचं गाणं गायलं, आणि पुढच्या काही आठवड्यांत विषप्रयोगाने त्याचा मृत्यू झाला, असं इतिहासकार टॅसिटस लिहितो.

त्याच्याही आधीची, इ.स. ४३ मधली एक घटना आहे. रोमन सैन्य ब्रिटनकडे जायला तयार होईना, तेव्हा सम्राट क्लॉडिअसने आपल्या नार्सिसस या अधिकाऱ्याला समजूत घालायला पाठवलं. नार्सिसस पूर्वाश्रमीचा गुलाम होता. तो सेनापतीच्या व्यासपीठावर चढताच सैनिकांनी ‘इओ सॅटर्नेलिया!’ असा सणाचा पुकारा केला. गुलाम मालकाच्या जागी उभा आहे, म्हणजे आज सॅटर्नेलियाच, असा त्याचा अर्थ. हा सण उलटापालटीचा होता आणि ही उलटापालट ठरलेल्या दिवसांपुरतीच होती, हेही विसरता येत नाही. सण संपला की गुलाम पुन्हा गुलामच राहत असे.

सॅटर्नेलियानंतर थोड्याच दिवसांत जानेवारीची पहिली तारीख येई. त्या दिवशी दारांवर हिरव्या डहाळ्या लावत, दिवे लावत आणि शुभशकुनाच्या भेटी देत. या दोन सणांच्या मधोमध २५ डिसेंबर येतो. ज्युलिअस सीझरच्या कालगणनेत हाच हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाचा पारंपरिक दिवस धरला जाई. थोरल्या प्लिनीने तसं नोंदवलं आहे.

इ.स. २७४ मध्ये सम्राट ऑरेलियनने पाल्मायराच्या राणी झेनोबियावरच्या विजयानंतर रोममध्ये सूर्यदेवाचं भव्य देऊळ बांधलं, त्याच्यासाठी पुजाऱ्यांचं मंडळ नेमलं आणि दर चार वर्षांनी होणारे खेळ सुरू केले. तुकडे होत चाललेल्या साम्राज्याला एका देवाच्या छत्राखाली आणायचा हा प्रयत्न होता. ते देऊळ २५ डिसेंबरलाच उघडलं, असं अनेक पुस्तकांत छापलेलं असतं. पण समकालीन साधनांत त्या कार्यक्रमाची तारीख मिळत नाही. सूर्याच्या जन्मोत्सवाची २५ डिसेंबरची सर्वांत जुनी स्पष्ट नोंद म्हणजे ३५४ चंच पंचांग. शिवाय त्याच पंचांगात ऑक्टोबरमधल्या सूर्याच्या खेळांसाठी ३६ शर्यती नेमलेल्या आहेत, डिसेंबरपेक्षा जास्त. म्हणजे २५ डिसेंबर हा सूर्याचा वर्षातला सर्वांत मोठा उत्सव होता, असंही खात्रीने म्हणता येत नाही.

आता ख्रिस्ती बाजू. बायबलमध्ये येशूच्या जन्माचा महिनाही दिलेला नाही. पहिल्या दोन शतकांत ख्रिस्ती लोकांना ओढ होती ती त्याच्या मृत्यूची आणि पुनरुत्थानाची. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत ऑरिजेन तर म्हणे की, धर्मग्रंथात वाढदिवस साजरे करतात ते पापी लोक. इ.स. २०० च्या आसपास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट जन्माबद्दल प्रचलित असलेल्या काही तारखा देतो. त्यांत मे आणि एप्रिल महिन्यांतल्या तारखा आहेत, २५ डिसेंबर नाही. मग ही तारीख आली कुठून?

एक उत्तर असं की चर्चने सूर्याच्या सणावर आपला सण बसवला. हे उत्तर स्पष्ट शब्दांत प्रथम आढळतं ते बाराव्या शतकातल्या एका सीरियन हस्तलिखिताच्या समासातल्या टिपणात, म्हणजे घटनेनंतर आठशे वर्षांनी. दुसरं उत्तर गणिताचं आहे. येशूचा मृत्यू २५ मार्चला झाला असं पश्चिमेकडच्या ख्रिस्ती समाजात मानत. ख्रिस्ती लेखक तर्तुलियनच्या लेखनात ही तारीख येते. तो गर्भात आला तोही त्याच तारखेला, असा समज रूढ होता आणि धर्मपंडित ऑगस्टीनने तो नोंदवला आहे. २५ मार्चपासून नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडे मृत्यूची तारीख ६ एप्रिल धरत. त्यापासून नऊ महिन्यांनी ६ जानेवारी येतो, आणि पूर्वेकडचा जुना सण नेमका ६ जानेवारीचाच होता. आर्मेनियन चर्च आजही ख्रिस्तजन्म ६ जानेवारीलाच साजरा करतं.

माझ्या मते गणिताचं उत्तर तारखेचा उगम अधिक नीट उलगडतं, पण ती तारीख लोकांच्या मनात का रुजली, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी सूर्याकडेच वळावं लागतं. व्हॅटिकनच्या खालच्या दफनभूमीत एका ख्रिस्ती कबरीच्या छतावर मोझाइकचं चित्र आहे. त्यात डोक्याभोवती किरण असलेला ख्रिस्त सूर्यदेवासारखा रथात उभा आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ साली सूर्याचा वार हा सुट्टीचा दिवस ठरवला आणि त्याच्या नाण्यांवर त्यानंतरही काही वर्षं सूर्यदेव झळकत राहिला. पाचव्या शतकाच्या मध्यात पोप लिओ प्रवचनात खंत व्यक्त करतो की, ख्रिस्ती लोक सेंट पीटरच्या चर्चच्या पायऱ्यांवर चढल्यावर मागे वळून उगवत्या सूर्याला नमस्कार करतात आणि मगच आत येतात. ही माणसं ढोंगी नव्हती. त्यांना दोन्ही नमस्कार मनापासून करायचे होते.

अशी सरमिसळ पहिल्यापासून होती. इ.स. २०० च्या सुमाराला कार्थेजमध्ये तर्तुलियन चिडून लिहितो की, ख्रिस्ती लोकही सॅटर्नेलियाच्या आणि नववर्षाच्या भेटी देतात-घेतात आणि दिवे व लॉरेलच्या डहाळ्या तर ख्रिस्ती दारांवरच जास्त दिसतात. चर्चने ३८६ पर्यंत २५ डिसेंबरचा सण अँटिओकलाही नेला होता. धर्मगुरू जॉन क्रिसॉस्टम तिथल्या प्रवचनात सांगतो की हा सण आपल्याकडे येऊन अजून दहा वर्षंही झालेली नाहीत. ५६७ साली फ्रान्समधल्या तूरच्या धर्मसभेने ख्रिस्तजन्मापासून ६ जानेवारीपर्यंतचे दिवस सणाचे मानले, पण नववर्षाच्या जुन्या चालीरीती मोडण्यासाठी मध्येच तीन दिवस उपासाचे घातले. ६९२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या सभेने जानेवारीच्या आरंभीचा सण आणि ब्रुमेलिया हा हिवाळ्याचा सण यांवर पुन्हा बंदी घातली. बंदी पुन्हा पुन्हा घालावी लागते, यावरूनच ती पाळली जात नव्हती हे कळतं.

याहून शहाणा विचार पोप ग्रेगरीने केला. ६०१ साली इंग्लंडमधल्या केंटच्या राजाला पाठवलेल्या पत्रात त्याने जुनी देवळं पाडायला सांगितलं होतं. महिनाभरात त्याने मत बदललं आणि मेलिटस या धर्मगुरूला कळवलं की देवळं पाडू नका. मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा आणि वास्तू वापरा. लोक देवाला बैल बळी देतात, तर त्यांना तेच बैल कापून हुतात्म्यांच्या सणाला ईश्वराचे आभार मानत खाऊ द्या. या पत्रात नाताळचा उल्लेख नाही. पण उत्तर युरोपात नाताळ ज्या वाटेने गेला, ती वाट इथे आखलेली आहे.

सव्वाशे वर्षांनी, ७२५ मध्ये, बीड या इंग्लिश भिक्षूने कालगणनेवर ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की आपले पूर्वज वर्षाचा आरंभ २५ डिसेंबरला करत आणि त्या रात्रीला ‘मातांची रात्र’ म्हणत. त्या काळातल्या महिन्यांना ते ‘जिउली’ म्हणत. उत्तरेकडच्या ‘यूल’ सणाचं हेच नाव. स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये नाताळाला आजही ‘यूल’च म्हणतात.

नॉर्वेत हे दोन सण एकत्र कसे आले, याची कथा आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने तेराव्या शतकात लिहून ठेवली. घटनेनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी लिहिलेली असल्याने तिचा तपशील जपून घ्यावा लागतो, पण कथेचा गाभा विश्वासार्ह वाटतो. दहाव्या शतकात राजा झालेला हाकोन इंग्लंडमध्ये अ‍ॅथेलस्टन राजाच्या घरी ख्रिस्ती म्हणून वाढला होता. नॉर्वेत परतल्यावर त्याने एकदम धर्म लादला नाही. यूलचा सण ख्रिस्ती सणाच्याच वेळी सुरू करावा, दर माणसाने ठरलेल्या मापाच्या धान्याची बिअर गाळावी आणि ती संपेपर्यंत सण पाळावा, असा कायदा त्याने केला. त्याआधी यूल मध्यहिवाळ्याच्या रात्री सुरू होऊन तीन रात्री चाले.

लोकांनी तारीख मान्य केली, देव सोडायला मात्र ते तयार नव्हते. राजाने ओडिन देवाच्या नावाचा पेला उचलावा आणि बळी दिलेल्या घोड्याचं मांस खावं, असा ट्रॉन्डेलागच्या शेतकऱ्यांचा आग्रह होता. लादे इथल्या मेजवानीत राजाने पेल्यावर क्रुसाची खूण केली, तेव्हा लोक खवळले. सिगुर्द या सरदाराने वेळ सावरली. राजाने थॉर देवाच्या हातोड्याची खूण केली, असं त्याने सांगून टाकलं. पुढे मेरे इथल्या यूलच्या मेजवानीत राजाला घोड्याच्या यकृताचे काही तुकडे खावेच लागले. शेवटी नॉर्वे ख्रिस्ती झाला आणि ओडिनचा पेला बंद झाला. बिअर, मेजवानी आणि यूल हे नाव मात्र टिकून राहिलं.

नाताळाची मुळं जुन्या धर्मांत आहेत, हा मुद्दा आज अनेकदा ख्रिस्ती धर्माच्या टीकाकारांकडून ऐकू येतो. पण तो सर्वांत जोराने मांडला कट्टर ख्रिश्चनांनीच. इंग्लंडमधल्या प्युरिटनांना नाताळात सॅटर्नेलिया दिसत होता. जून १६४७ मध्ये त्यांच्या संसदेने नाताळ रद्द केला. त्या २५ डिसेंबरला कँटरबरीच्या महापौराने दुकानं उघडी ठेवायचा हुकूम काढला आणि गावात दंगल उसळली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला; तो कायदा १६८१ पर्यंत राहिला. स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबर सार्वजनिक सुट्टी व्हायला १९५८ उजाडलं.

एक सावधगिरी इथे हवी. नाताळात आज जे जुनं वाटतं ते सगळं जुनं नाही. घरात सजवलेल्या झाडाचं सर्वांत प्रसिद्ध जुनं वर्णन १६०५ च्या स्ट्रासबुर्गमधलं आहे. तिथे कागदी गुलाब आणि सफरचंदं टांगत. इंग्लंडमध्ये हे झाड घराघरांत पोचलं ते १८४८ साली व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचं चित्र छापून आल्यानंतर. मिस्लटोच्या डहाळीखाली चुंबन घेण्याची चाल अठराव्या शतकाच्या मागे नेता येत नाही. मिथ्र देव २५ डिसेंबरला जन्मला, या सर्वत्र फिरणाऱ्या दाव्याला प्राचीन पुरावा नाही. सांताक्लॉजला ओडिनचा वंशज ठरवण्याचा आधारही कच्चा आहे.

खरोखर जुनं आहे ते वेगळंच. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांत कामं थांबवणं, दिवे लावणं, दारावर हिरवं काही बांधणं, भेटी देणं, पोटभर खाणं आणि एरवी वेगळ्या पंगतीत बसणाऱ्यांना आपल्या पंगतीत घेणं. तर्तुलियनला खटकलेले दिवे आणि डहाळ्या अजूनही दारांवर आहेत.

आपल्याकडेही हेच घडलं आहे. गोव्यात नाताळ पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आला. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, फर्मानाने नवख्रिस्ती घरांत तुळस लावण्यावर आणि लग्नात ओव्या म्हणण्यावर बंदी घातली. तरी गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळाच्या फराळात नेवऱ्या असतात, आणि शेजारच्या हिंदू घरांत त्याच नेवऱ्या चवथीला होतात. फर्मानं स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाहीत.

म्हणून डिसेंबरात कोणी ‘नाताळ चोरलेला आहे’ असं सांगितलं, किंवा ‘त्यात बाहेरचं काहीच नाही’ असं सांगितलं, तर दोघांनाही एकच प्रश्न विचारावा : हे कोणी लिहिलं आहे आणि घटनेनंतर किती वर्षांनी? आपल्या सणांबद्दलचे दावेही याच कसोटीवर तपासावेत. जगातला कोणताही मोठा सण एका धर्माने, एका दिवसात घडवलेला नाही. तो घडवला आहे पिढ्यान्‌पिढ्या साध्या माणसांनी, आणि त्याच्या मालकीवरून भांडण्याचा अधिकार त्यांनी कोणालाही दिलेला नाही.